धुराड्याच्या आधीचा धूर

आईला मी माळ्यावर नेलं ते बॅगा कुठे ठेवल्यात ते दाखवायला. ती पहिल्यांदाच इंग्लंडला आली होती आणि आमच्या भाड्याच्या घराचा कानाकोपरा तिला बघायचा होता. शिडीवरून डोकं वर काढल्याबरोबर तिनं हात उंचावून जवळच्या वाशाला लावला, बोटं उजेडात धरली, आणि म्हणाली, "इथे खाली चूल होती."

मी म्हटलं, "आई, खाली शेगडी आहे. पण तिचं धुराडं विटांचं आहे, ते त्या तिकडून छपराबाहेर जातं. धूर इथे यायचं कारणच नाही."

"आज नसेल येत. पण हे वासे बघ. नुसती धूळ नाही ही. मेण चढल्यासारखं झालंय. वर्षानुवर्षं धूर खाल्ल्याशिवाय लाकूड असं होत नाही."

तिचं आयुष्य राजापूरकडच्या कौलारू घरात गेलं. माझ्या आजीच्या स्वयंपाकघराचे वासे असेच होते, काळे आणि चकचकीत. धुरामुळे वाळवी लागत नाही म्हणून चुलीवरचा माळा कुणी बंद करू देत नसे. मी त्या इंग्रजी घरात दीड वर्ष राहत होते, बॅगा ठेवायला महिन्यातून एकदा तरी माळ्यावर चढत होते, आणि मला ते वासे दिसले नव्हते. आईला एका मिनिटात दिसले. संध्याकाळी घरमालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या ऐंशीच्या पुढच्या बाई खुर्चीतून उठल्या, टॉर्च घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "चला, तुम्हाला उरलेलं घर दाखवते." आईला इंग्रजी येत नव्हतं आणि बाईंना मराठी. मी मध्ये दुभाषी. त्या दोन तासांत मी त्या घराच्या प्रेमात पडले, ती अजून बाहेर आलेले नाही.

घर केंट आणि ससेक्सच्या सीमेवर, वील्ड नावाच्या मुलखात. उत्तरेला आणि दक्षिणेला खडूच्या टेकड्यांच्या लांबलचक रांगा, आणि त्यांच्यामध्ये चिकणमातीचा, ओकच्या झाडांचा पट्टा. वील्ड या शब्दाचा मूळ अर्थच रान. दगड फारसा नाही आणि ओक हवा तितका, म्हणून घरं लाकडी सांगाड्यांची. पंधराव्या शतकात इथल्या सुखवस्तू शेतकऱ्यांनी, ज्यांना योमन म्हणत, अशी घरं मोठ्या संख्येनं बांधली. आमचं त्यातलंच एक.

ते मुळात कसं होतं हे मराठी माणसाला सांगणं फार सोपं आहे, कारण मोजायची भाषा एकच आहे. आपण घर खणांत मोजतो, दोन खणी, चार खणी. इंग्रज सुतारही तसंच मोजत. खांबांच्या दोन जोड्यांमधला गाळा म्हणजे एक बे, आपला एक खण. आमचं घर चार खणी. मधले दोन खण मिळून एक मोठं दालन, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत उघडं, मध्ये मजला नाही, माळा नाही. दोन्ही टोकांना एकेक खण दुमजली, आणि या टोकांचे वरचे मजले समोरच्या बाजूनं हातभर पुढे काढलेले. सगळ्यावर एकच छप्पर. त्यामुळे समोरून बघितलं की मधलं दालन किंचित आत गेलेलं दिसायचं, दोन्ही बाजूंना खांदे पुढे काढून बसलेल्या माणसाच्या छातीसारखं. या ठेवणीलाच वील्डन घर म्हणतात.

दालनाच्या मधोमध, भिंतीपासून दूर, जमिनीवरच आगटी. तिला ना धुराडं, ना वर भोक. धूर छपरात चढायचा, तिथे घोटाळायचा आणि कौलांच्या फटींतून, टोकाच्या छोट्या त्रिकोणी झरोक्यांतून निघून जायचा. खिडक्यांना काच नव्हती. उभे लाकडी गज आणि आतून सरकणारी फळी, बस. इंग्रजीतला विंडो हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, अर्थ वाऱ्याचा डोळा. आपला गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. भोकाला डोळा म्हणायचं हे दोन्हीकडे सुचलं, आणि नॉर्स लोकांना आधी वारा आठवला! त्या हवेत एक हिवाळा काढला की हे पटतं.

दालनाला वरचं आणि खालचं असं अंग असे. खालच्या अंगाला समोरासमोर दोन दारं, पुढचं आणि मागचं, आणि त्यांच्यामधून आरपार बोळ. बोळापलीकडे दोन कोठीच्या खोल्या. एक पँट्री, भाकरी-पावाची. दुसरी बटरी. मला वाटायचं तिथे लोणी ठेवत असतील. बटरीचा लोण्याशी संबंध नाही, बट म्हणजे दारूचं पिंप, पिंपं ठेवायची ती बटरी. वरच्या अंगाला घरधन्याचं लांब मेज, त्याच्या पाठीशी भिंत, आणि त्यामागे वरच्या मजल्यावर त्याची निजायची खोली. आगटीपासून कोण किती दूर, मेजाच्या कुठल्या बाजूला, यावर माणसाची पायरी ठरे. आईनं हे ऐकून मान हलवली. ओटी, पडवी, माजघर यांतलं कुणी कुठे बसायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

भिंती कुडाच्या. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण गोष्ट अगदी तीच आहे. आपल्याकडे कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या, तिकडे ओकच्या उभ्या चिरफळ्या आणि त्यांत विणलेल्या हेझल नावाच्या झुडपाच्या डहाळ्या. वरून दोन्हीकडे सारखाच लेप, माती, कापलेलं गवत आणि शेण. जिन्याखाली एका ठिकाणी लेप गळून विणकाम उघडं पडलं होतं. आईनं तिथे तळहात टेकला. ओल्या मातीवर कुणीतरी ओढलेली चार बोटं तिथे सुकून राहिली होती. तिची बोटं त्या खोबणींत जवळजवळ बसली.

असल्या घराचा सांगाडा जागेवर बांधला जात नसे, हे मला फार आवडतं. ओक ओला असतानाच तासायचा, कारण सुकला की तो हत्याराला दाद देत नाही. सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा मांडून सगळी भिंत जुळवायची, एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, आरपार ओकची खुंटी. मग सगळं सोडवायचं, गाड्यांवर लादायचं आणि जागेवर पुन्हा उभं करायचं. कुठलं लाकूड कुठे हे चुकू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर पटाशीनं रोमन आकडे कोरलेले. चार म्हणजे सरळ चार रेघा, कारण सुताराला रेघ मारणं सोपं. आमच्या न्हाणीघराच्या दाराशेजारी सात आकडा होता आणि जिन्यापलीकडे आठ. म्हणजे असं घर उभं राहण्याआधीच एकदा पूर्ण जुळवून मोडलेलं असतं. पुढे त्याच्यावर जे जे झालं त्याकडे मी हे लक्षात ठेवून बघते.

मग आलं धुराडं.

एसेक्समधला एक पाद्री, विल्यम हॅरिसन, यानं १५७७ साली छापलेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात लिहून ठेवलंय की त्याच्या गावातले म्हातारे त्यांच्या हयातीत झालेले तीन मोठे बदल सांगतात. एक, जिकडे तिकडे धुराडी झाली. दुसरं, निजायची सोय सुधारली, गवताच्या गादीवर आणि उशीऐवजी लाकडाच्या ओंडक्यावर डोकं ठेवून झोपणं गेलं. तिसरं, लाकडी ताटवाट्या जाऊन कथलाची भांडी आली. हॅरिसनला स्वतःला मात्र ही धुराडी फारशी रुचलेली नाहीत. तो म्हणतो, पूर्वी धुरानं घराचं लाकूड टणक व्हायचं आणि घरधनी नि त्याचं कुटुंब सर्दीपडशापासून वाचायचं. आता धुराडी झाली आणि नाजूक लोकांची पडसी वाढली. हे मी आईला वाचून दाखवलं. "बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात, "पण डोळे कुणाचे गेले ते पाद्र्याला काय माहीत." आजीला साठीनंतर दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, चुलीपुढे गेले.

इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली असं मांडलं की साधारण १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडची पुनर्बांधणी झाली. नंतरच्या अभ्यासकांनी या तारखा ताणल्या, काही भागांत पुढे नेल्या, काही ठिकाणी मागे. पण शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळू लागला आणि त्यानं आधी घराच्या आतून फेरबदल केले, ही गोष्ट घराघरांत दिसते. पूर्ण पाडून नवं बांधायची ऐपत थोड्यांनाच. बाकीच्यांनी आहे त्या सांगाड्यात वीट घातली.

आमच्या घरात त्यांनी ते धुराडं बरोबर त्या जुन्या बोळात उभं केलं. विटांचा एवढा मोठा पिंडच की त्याच्या पायथ्याशी चार माणसं आरामात बसतील. त्यामुळे आजही पुढचं दार उघडलं की नाकासमोर भिंत येते. पार्सल घेऊन येणारी मुलं क्षणभर गांगरतात. डावीकडे एक दार, उजवीकडे एक, आणि धुराड्याच्या कुशीत जिना कोंबलेला, इतका वळणाचा की आमचा पलंग खिडकीतून वर चढवावा लागला. आरपार वाहणारा वारा थांबला, आग भिंतीला टेकली, आणि आग भिंतीला टेकल्याबरोबर दालनाच्या उंचीचं काम संपलं. धुरासाठी राखलेली पोकळी मोकळी झाली. मग तिच्या मध्यावर मजला टाकला.

हा मजला मला त्या घरातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. कारण तो उसना आहे आणि ते लपवत नाही. दालनाच्या मध्यातून एक जाडजूड तुळई गेली आहे, तिच्या कडा तासून उतरत्या केल्या आहेत आणि टोकाशी त्या उताराला जिभेसारखं सुरेख वळण देऊन संपवलं आहे. सुतारानं मनापासून केलेलं काम. पण तीच तुळई पुढे जाऊन जुन्या खिडकीच्या गजांची भोकं अर्धी झाकते. खिडकी कुणाला नको होती. वरच्या बाजूला आमची निजायची खोली, म्हणजे एके काळची धुराची जागा. त्या खोलीतून छातीच्या उंचीवर घराची मुख्य आडवी तुळई जाते, मध्ये जरा उंचावलेली. खालून, दालनातून मान वर करून बघण्यासाठी घडवलेली ती चीज, आणि आम्ही रोज रात्री तिच्याखालून वाकून पलंगावर जायचो. तिला खांबाकडून आधार देणारी कमानदार तीर होती, ती दार काढताना कुणीतरी करवतीनं कापून टाकली. तिचं रिकामं भोक राहिलं, आत तुटकी खुंटीही. माझ्या मुलीनं त्या भोकात गोट्या ठेवल्या होत्या.

शेगडीच्या वरच्या तुळईवर अश्रूच्या थेंबासारखे काळे डाग आहेत, बोटाच्या पेराएवढे. मी ते मेणबत्ती चुकून लागून पडले असतील असं समजत होते. ते मुद्दाम केलेले आहेत. ज्योत तिरकी धरून बराच वेळ ठेवल्याशिवाय असा आकार येत नाही, हे अभ्यासकांनी प्रयोग करून दाखवलंय. आगीपासून किंवा वाईटापासून घर राखण्यासाठी ते डाग दिले असावेत असं मानतात. धुराडं हे घराला पडलेलं भोक, त्यातून काहीही आत येऊ शकतं. म्हणून धुराड्याच्या आत जुना जोडा लपवायचीही पद्धत होती. नॉर्थहॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा सापडलेल्या जोड्यांची नोंदवही आहे, हजाराहून जास्त नोंदी, त्यांत लहान मुलांचे जोडे पुष्कळ. मालकीणबाईंच्या वडिलांना धुराडं दुरुस्त करताना एक पोराचा बूट सापडला होता, टाच झिजलेला. त्यांनी तो धुऊन-पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा तिथेच ठेवला. बाई म्हणाल्या, "तो घराचा आहे, आमचा नाही."

पुढच्या दोनशे वर्षांवर मी रेंगाळणार नाही, कारण तेव्हाचे बदल बहुतेक बाहेरून दिसण्यासाठी होते. मधली आत गेलेली छाती विटांनी भरून समोरची भिंत सरळ केली. वरच्या मजल्यावर कुडाच्या अंगावर कौलं टांगली, पावसानं लेप धुपत होता म्हणून. सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. १६६२ पासून १६८९ पर्यंत प्रत्येक आगटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता, १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर. आमच्याकडे बाजूच्या भिंतीत विटांनी बुजवलेली एक खिडकी आहे आणि गावात सगळे तिच्याकडे बोट दाखवून कराची गोष्ट सांगतात. खरंही असेल. पण तिच्या आतल्या बाजूला नेमकं कपाट येतं, आणि कपाटासाठी खिडकी बुजवणारी गृहिणी मला राजाच्या वसुलीदारापेक्षा जास्त पटते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला आणि इंग्लंडची धान्यशेती बसली. योमनचं घर शेतमजुरांना भाड्यानं गेलं. चार खणांत तीन बिऱ्हाडं. तीन जिने, तीन शेगड्या, मध्ये फळ्यांच्या भिंती. मालकीणबाईंची आई मधल्या बिऱ्हाडातली, सात भावंडं. ती मूळ दालनाच्या अर्ध्या भागात जन्मली आणि आपण एका मोठ्या दालनात राहतो हे तिला कधी कळलं नाही. शेजारचं बिऱ्हाड खोकलं की ऐकू यायचं एवढंच तिला माहीत. पुढे बाईंच्या वडिलांनी आधी भाड्यानं शेत धरलं, मग युद्धानंतर घर विकत घेतलं, आणि दोन बिऱ्हाडांमधली भिंत काढली. तिसरं बिऱ्हाड वेगळं राहू दिलं. त्या तिसऱ्यात आम्ही.

आणखी एक कबुली द्यायची राहिली. इंग्लंडमधल्या जुन्या घराचं माझ्या मनातलं चित्र म्हणजे पांढरी भिंत आणि त्यावर काळीकुळकुळीत लाकडं. बाईंनी सांगितलं की तो काळा रंग त्यांच्या काकानं दिला, विसाव्या शतकात, तेव्हा ती टूम होती. मूळचा ओक कुणी काळा करत नसे. तो तसाच राखाडी होऊ देत, किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुना फासत. जे मला सर्वांत जुनं वाटत होतं ते जवळजवळ सर्वांत नवं निघालं.

आई परत जायच्या आठवड्यात बाईंनीच सुचवलं म्हणून आम्ही सिंगलटनला गेलो. वेस्ट ससेक्समधल्या या खेड्यात जुन्या ग्रामीण घरांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे, वील्ड अँड डाउनलँड. रॉय आर्मस्ट्राँग या अभ्यासकाच्या पुढाकारानं ते १९६७ च्या सुमारास आकाराला आलं, पाडली जाणारी घरं सोडवून आणून तिथे पुन्हा उभी करण्यासाठी. त्यांतलं मुकुटमणी म्हणावं असं घर बेलीफ. केंटमध्ये बाउ बीच इथे जलाशय व्हायचा होता. त्याच्या पायी १९६८ च्या सुमारास हे वील्डन घर सांधा-सांधा सुटं करून आणलं. पाण्यासाठी गावं उठताना बघितलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे वाचून काय होतं ते मी वेगळं सांगत नाही.

बेलीफचं दालन पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, वरच्या अंगाचा खण सोळाव्याच्या सुरुवातीला नव्यानं बांधलेला. आत पाऊल टाकलं आणि आई थबकली. मधोमध आगटी पेटली होती. धूर सरळ वर चढून डोक्यावर दोन पुरुष उंचीवर ढगासारखा पसरला होता, आणि खाली, आम्ही उभ्या होतो तिथे, हवा चक्क स्वच्छ होती. खिडकीच्या गजांमधून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या आणि धुराला टेकल्या की घट्ट दिसत होत्या. आई आगटीजवळच्या बाकावर बसली ती अर्धा तास उठली नाही. आमच्या घराचं पोट, मजला टाकायच्या आधीचं, मी पहिल्यांदा बघत होते. रोज जिच्याखालून वाकत होते तशी तुळई इथे आपल्या उंचीवर होती, कमानदार तिरांसकट. ती इतकी देखणी असते हे मला माहीत नव्हतं.

पण तिथे उभी असतानाच मला खटकलं ते सांगते. या घरालाही पुढे विटांचं धुराडं आलं होतं, मजला आला होता, तीनेकशे वर्षं लोक त्यांच्या उबेत जगले होते. घर संग्रहालयात उभं करताना ते सगळं वगळलं आणि घर १५४० सालात नेऊन ठेवलं, मेज, पलंग, भांडी, परसबाग, सगळं त्या सालातलं. हे अतिशय कसोशीनं केलंय आणि त्याच्याशिवाय मला काहीच कळलं नसतं. तरी ज्या बाईनं पहिल्यांदा धुराड्याखाली भांडं ठेवलं आणि डोळे न चोळता स्वयंपाक केला, तिची त्या घरात आता काहीच खूण नाही.

हा वाद इंग्लंडमध्ये जुना आहे. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यानं १८७१ पासून मरेपर्यंत ऑक्सफर्डशरमधलं केल्म्सकॉट हे सोळाव्या-सतराव्या शतकातलं दगडी शेतघर भाड्यानं घेतलं होतं. १८७७ साली त्यानं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, कारण चर्चच्या भिंती खरवडून त्यांना मध्ययुगाचं कोरं रूप देण्याची लाट आली होती. त्याचं म्हणणं, घर त्याच्या सगळ्या वयांसकट राखा, गळती थांबवा, पण उलटं नेऊ नका. लोक त्या संस्थेला खरवड-विरोधी म्हणू लागले. आणि तरी १९१० साली नॅथनिएल लॉइड यांनी ईस्ट ससेक्समधलं ग्रेट डिक्स्टर हे जुनं घर विकत घेतलं तेव्हा एडविन लटियन्स या वास्तुकारानं पंधराव्या शतकातल्या दालनातले नंतर टाकलेले मजले आणि भिंती काढून ते आढ्यापर्यंत उघडं केलं. शिवाय केंटमधल्या बेनेंडनहून दुसरं एक जुनं घर उचलून आणून शेजारी जोडलं, मध्ये स्वतःचं नवं बांधकाम घातलं. मी ते दालन बघितलंय. श्वास अडकतो. मॉरिसच्या बाजूनं मत देऊनही मी त्या दालनातून लवकर बाहेर पडू शकले नाही, हे लपवायचं कशाला?

मी मॉरिसच्या बाजूची का, तर आमच्या त्या भाड्याच्या घरात राहिले म्हणून. संग्रहालयाला एक साल निवडावंच लागतं. राहणाऱ्याला सगळी सालं लागतात. मला पंधराव्या शतकाचा सांगाडा हवा, सतराव्याची ऊब, अठराव्याचा उजेड, आणि गरम पाण्याचा नळ.

२०१४ च्या हिवाळ्यात आमच्या बाजूची भिंत खालून ओली दिसायला लागली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणा गवंड्यानं मजबुती म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला होता. सिमेंट तडकतं, तडीतून पाणी आत जातं, आणि तेच सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. चुन्याचा गिलावा पाणी पितो आणि वारा सुटला की सोडून देतो. गिलावा फोडल्यावर दिसलं की ज्या तळाच्या ओकवर सगळे खांब उभे, तो हातभर लांबीत भिजवलेल्या पावासारखा झालाय. बोट आत गेलं. साडेपाचशे वर्षं जगलेलं लाकूड चाळीस वर्षांत सिमेंटनं खाल्लं.

शेजारच्या गावचा सुतार आला. घराला जॅक लावले, एका खांबाचा भार किंचित उचलला, तेव्हा आख्खं घर एकदा करकरलं. मुलगी घाबरून अंगणात पळाली. त्यानं कुजका भागच तेवढा कापला, त्याच्यापलीकडे बोटभरही नाही, आणि नवा ओक तिरक्या सांध्यानं जुन्यात असा बसवला की दोघांमध्ये पत्त्याचं पान गेलं नसतं. नवं लाकूड पिवळंधमक होतं, त्याला आंबूस वास येत होता. मी विचारलं, याला रंग देऊन जुन्यासारखं करणार का? तो म्हणाला, "का? हे जुनं नाहीये." मग खिशातून पटाशी काढून त्यानं नव्या तुकड्यावर साल कोरलं, दोन, शून्य, एक, चार, बाजूला गेलेल्या जुन्या सुताराच्या रेघांपासून वीतभर अंतरावर.

कुडाचा भाग भरायचा राहिला होता. हेझलच्या डहाळ्या विणून झाल्या, माती, गवत आणि शेजारच्या गोठ्यातलं शेण एका टबात कालवलं. सुतारानं मुलीला विचारलं, लावतेस का? ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या बाह्या वर दुमडल्या. तिनं दोन्ही हातांनी गोळा उचलला आणि दाणकन भिंतीवर मारला, मग चार बोटांनी खाली ओढला. त्याच रात्री मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वरून लगेच चुना मारू नका. आधी नीट वाळू दे."